लॉनला खत कधी, औषध कधी: बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नवख्यांसाठी वर्षभराची कामं

हल्ली टिळकवाडी, भाग्यनगर, गणेशपूर, हिंडलगा कुठंही जावा, नवीन घर बांधलं की पुढं दोन-तीनशे स्क्वेअर फूट लॉन पाहिजेच. नर्सरीवाला तुकडे आणून अंथरून जातो तेव्हा असलं हिरवंगार दिसतं की मालक खूश, आणि वर्षभरानं बघावं तर तेच लॉन कुठं पिवळं, कुठं टकलं, मधनं लव्हाळा डोकं वर काढून उभा, मग फोन येतो, "काय मारू ओ याला?" मी लोकांची लॉन सांभाळतो, त्यामुळं हा प्रश्न मला रोजचाच आहे, आणि माझं उत्तरही ठरलेलं आहे की काय मारू ते नंतर बघू, आधी कधी मारायचं ते समजून घ्या. चांगल्यातलं चांगलं खत चुकीच्या आठवड्यात घातलं तर गटारीत जातं, आणि हुमणीचं, म्हणजे गवताची मुळं खाणाऱ्या अळीचं, औषध सप्टेंबरात मारलं तर पैसे हुमणीच्या अंगावरनं वाहून जातात.

अजून एक, नेटवर बघून मार्चमध्ये स्प्रिंगचा डोस आणि ऑक्टोबरात फॉलचा डोस असलं काही करू नका. ते बर्फ पडणाऱ्या देशातलं वेळापत्रक आहे, तिथली बरीच गवतं थंड हवेत वाढणारी. आपलं गवत उन्हाळी जातीचं, ते उबेला आणि पावसाला वाढतं, थंडीत गप्प बसतं. म्हणून आपलं वर्ष वळवापासनं सुरू करायचं आणि महिन्यांपेक्षा नक्षत्रं धरून चालायचं, आपल्या शेतकऱ्यांना ते बरोबर माहीत आहे.

आधी गवत आणि माती ओळखा

आपल्याकडं घरापुढं साधारण दोन प्रकार दिसतात. एक बर्म्युडा, म्हणजे आपल्या हराळीचाच सुधारलेला भाऊ, बारीक पानाचा, ऊन भरपूर पाहिजे, सावलीत विरळ होतो. दुसरा कोरियन किंवा मेक्सिकन म्हणून विकतात तो, जरा जाड गादीसारखा वाढतो, हळू वाढतो, खत कमी लागतं, पण गादी फार जाड झाली की आत पाणी जात नाही. तुमच्याकडं कुठला आहे ते नर्सरीवाल्याला विचारून लिहून ठेवा, कारण बर्म्युडाचा डोस कोरियनला घातला तर तो नुसता फुगतो आणि आतनं कुजतो. खाली मी जे आकडे देतोय ते बर्म्युडाचे, कोरियनला सगळं निम्मं धरा.

माती तर आपल्या एकाच जिल्ह्यात किती वेगळी आहे बघा. बेळगाव शहर आणि खानापूरकडं तांबडी, जांभ्याची माती, पाणी लगेच निचरून जातं आणि पाण्याबरोबर खतही जातं. बेळगावात वर्षाला साधारण 1200 ते 1300 मिलिमीटर पाऊस, कणकुंबीकडं त्याच्या कितीतरी पट. तेच अथणीकडं गेलात की 500-600 मिलिमीटर, आणि माती काळी, पाणी धरून बसणारी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. तांबड्या मातीत खत थोडं थोडं आणि जास्त वेळा, काळ्या मातीत कमी वेळा, हा एक नियम लक्षात ठेवला तरी निम्मं काम झालं. निपाणीच्या पाहुण्यांनी सांगितलेला डोस खानापुरात जसाच्या तसा चालत नाही, आणि उलटही नाही.

माती परीक्षण करून घ्या असं मी सगळ्यांना सांगतो आणि शंभरात दोघं करतात, असू दे. ज्यांना करायचं आहे त्यांनी लॉनच्या पाच-सहा ठिकाणी चार बोटं खोल खुरप्यानं माती काढायची, वरचं गवत-मुळ्या झटकायच्या, सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची आणि अर्धा किलो पिशवीत घालून द्यायची. तुमच्या होबळीच्या (तालुक्याच्या खालच्या महसुली भागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात, चौकशी करा, बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे, त्यांनाही विचारता येतं. महिन्याभरात खत घातलेल्या जागेतली माती देऊ नका, रिपोर्ट भलताच येतो.

मोजमाप गुंठ्यात धरा

खताचे सगळे आकडे मी गुंठ्याला देतो, एक गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 स्क्वेअर फूट. तुमचं लॉन तीनशे स्क्वेअर फूट असलं तर साधारण पाव गुंठ्यापेक्षा थोडं जास्त, त्या हिशोबानं घ्या. टेप घेऊन एकदा मोजा, अंदाज नको, कारण लोक आपलं लॉन नेहमी आहे त्यापेक्षा मोठं समजतात आणि खत जास्त घालतात. आणि एक जुना वजनकाटा खतासाठी वेगळा ठेवा, स्वयंपाकघरातली वाटी आणून मोजू नका, ती वाटी परत आत जाते.

युरियात नत्र (नायट्रोजन) 46 टक्के असतं, म्हणजे अर्धा किलो युरियातनं गवताला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास नत्र मिळतं. 15:15:15 या मिश्र खताच्या (तिन्ही अन्नं 15-15 टक्के) दीड किलोतनंही तेवढंच नत्र मिळतं, वर तेवढंच स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश). हे दोन आकडे पाठ असले तर दुकानदार कुठलीही पिशवी पुढं करू दे, तुम्हाला हिशोब जमतो.

वळीव: खत कमी, तयारी जास्त

एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर ढग जमतात, वारा सुटतो आणि एखादा वळीव दाणकन पडतो. पहिल्या वळवानंतर लगेच युरिया टाकायला पळू नका. ती वेळ जमीन मोकळी करायची. वाफसा आला, म्हणजे माती हातात दाबली तर गोळा होतोय पण हाताला चिकटत नाही, की बागेचा काटा-फावडा घेऊन तीन-चार इंच खोल भोकं पाडत जायचं, वीतभर अंतरानं. कंटाळवाणं काम आहे, कंबर धरते, पण वर्षभर पायाखाली दबलेल्या लॉनला याच्यासारखं औषध नाही. मंगल कार्यालयाच्या लॉनला तर हे केल्याशिवाय पुढचं कुठलंही खत म्हणजे पैसे फेकणं, कारण लग्नसराईत तिथं खुर्च्या, मांडव आणि हजारभर माणसांचे पाय पडलेले असतात.

भोकं पाडून झाली की चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत गुंठ्याला 100 किलोपर्यंत, म्हणजे आठ-दहा बुट्ट्या, आणि त्यात निंबोळी पेंड 5 किलो मिसळून पातळ पसरायचं आणि खराट्यानं गवताच्या आत ढकलायचं. पानांची टोकं वर दिसली पाहिजेत, गवत गाडून टाकायचं नाही. पूर्ण कुजलेलं ओळखायचं कसं, तर ढिगात हात घालून बघा, आत गरम लागलं तर नको. वास यायला नको, गवताच्या काड्या ओळखू यायला नकोत, भुसभुशीत पाहिजे. कच्चं शेण म्हणजे वाळवीला आणि हुमणीला घरात बोलावून पाट मांडणं. शेणखताच्या ढिगात मोठ्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या बहुतेक गेंड्या भुंग्याच्या असतात, कुजलेलं खातात, गवताच्या मुळाला लागत नाहीत, तरी चाळून बाजूला काढाच.

हुमणी: इथं नीट वाचा

आपल्या भागात ऊस आहे म्हणजे हुमणी आहे, आणि उसात आहे म्हणजे लॉनमध्ये येणारच. तिचं वर्ष कळलं की तिला गाठायची वेळ आपोआप कळते.

चांगला वळीव झाला की जमिनीत बसलेले तांबूस-तपकिरी भुंगेरे संध्याकाळी दिवेलागणीला बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ असल्या झाडांवर जाऊन बसतात, पानं खातात, तिथंच नर-मादी जमतात. रात्री साडेसात-आठच्या सुमाराला कडुनिंबाखाली उभं राहिलात तर पानं कुरतडल्याचा आवाज येतो, आणि टॉर्च मारली की फांदीवर दिसतात. खाली जुनं प्लॅस्टिक किंवा चादर अंथरायची, काठीनं फांदी हलवायची, पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. वळवानंतरचे आठ-दहा दिवस हे काम गल्लीतल्या पोरांनी मिळून केलं तर त्या वर्षी सगळ्यांचीच लॉन वाचतात. एकट्यानं करून उपयोग थोडा, शेजारच्या झाडावरनं मादी उडून तुमच्या अंगणात अंडी घालायला येतेच. घराचे बाहेरचे दिवे त्या दिवसांत संध्याकाळी थोडा वेळ बंद ठेवले तरी फरक पडतो.

मादी मृगाच्या आगंमागं जमिनीत अंडी घालते आणि आर्द्रा-पुनर्वसूपर्यंत बारीक अळ्या मुळं खायला लागतात. या वेळेला अळी लहान, वरच्या थरात, औषध तिला लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरला ती बोटाएवढी जाड होते, खाते सगळ्यात जास्त, आणि मरत मात्र सहजी नाही. लोकांना दिसते ती याच वेळी, कारण गवत याच वेळी पिवळं पडतं, आणि औषधाला दुकानात पळतात तेही याच वेळी. पुढं ऑक्टोबर-नोव्हेंबरला ती खाली जाऊन कोष करते आणि भुंगेरा होऊन पुढच्या वळवाची वाट बघत बसते. म्हणजे मारायची वेळ जून-जुलै, आणि सप्टेंबरात नुसतं नुकसान मोजायचं.

तपासणी अशी करा. जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, लॉनच्या दोन-तीन ठिकाणी फूटभर चौकोन तीन बाजूंनी कापायचा, चौथ्या बाजूवर उलटायचा, खालची तीन-चार इंच माती खुरप्यानं मोकळी करून बघायची. मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धवर्तुळात वळून पडलेली अळी दिसली की मोजायची. एखाद-दुसरी असली तर काही करू नका, निरोगी गवत तेवढं सोसतं. एका फुटात चार-पाच निघाल्या तर उपाय पाहिजे. बघून झालं की तुकडा परत बसवून पायानं दाबून पाणी घालायचं, तो लागतो. आणि जिथं गवत हातानं ओढल्यावर सतरंजी उचलावी तसं अलगद वर येतंय, तिथं खाली मुळंच राहिलेली नाहीत, तिथं तपासायचीही गरज नाही. साळुंक्या, कावळे लॉनवर एकाच जागी चोची मारत बसलेत, घूस किंवा डुक्कर रात्री उकरून गेलंय, हीही खूणच.

पहिला उपाय मेटारायझियम. ही हुमणीला रोग लावणारी बुरशी आहे, पावडर मिळते. पुड्यावरचा डोस बघा, ढोबळमानानं गुंठ्याला पाव किलो, आठ-दहा किलो ओलसर गांडूळ खतात मिसळून दोन-तीन दिवस सावलीत गोणपाटाखाली झाकून ठेवायचं आणि मग संध्याकाळी लॉनवर पसरून हलकं पाणी द्यायचं. मृगाचा पाऊस लागला, माती ओली आणि उबदार झाली की ही वेळ. उन्हात टाकलं तर बुरशी मरते. बुरशीनाशक आणि हे, दोन्ही एकाच पंधरवड्यात नको, पैसे दोन्हीकडचे जातात. दुसरं म्हणजे हुमणी खाणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत, बेंगळूरच्या एनबीएआयआर या किडींवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेनं त्याची पावडर तयार केली आहे आणि ती बाजारात मिळते. तीही ओल्या मातीत, संध्याकाळी. पुड्यावरची तारीख बघूनच घ्या, ही जिवंत वस्तू आहे, दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेला पुडा नुसती माती झालेला असतो.

रासायनिकचं बोलायचं तर उसाला हुमणीसाठी जी औषधं वापरतात तीच लोक लॉनवर मारतात. मी घरच्या लॉनला ते शेवटी ठेवतो. त्या डब्यांवर पिकांची नावं असतात, लॉनचं सहसा नसतं, आणि उसात कुणी अनवाणी खेळत नाही, घरच्या लॉनवर पोरं लोळतात. विहीर, मासे असलेला हौद, मधमाश्या जवळ असतील तर विषयच सोडा. आणि अजून दुकानात जाऊन "थायमेट द्या" म्हणणारी माणसं आहेत, त्यातल्या फोरेटवर देशात 31 डिसेंबर 2020 पासनं बंदी आहे, कुणी जुना माल काढून दिला तर घेऊ नका. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर हुमणी म्हणून कळलं नाही तरी गोण्णे हुळू म्हटलं की लगेच कळतं.

मृग ते मघा: पाऊस चालू असताना

मृगाचा पाऊस स्थिरावला, गवतानं नवीन कोंब काढले की वर्षाचा पहिला खरा डोस, 15:15:15 गुंठ्याला दीड किलो. नवीन अंथरलेल्या लॉनला मात्र मुळं धरेपर्यंत दीड-एक महिना काही नको.

टाकायचं कसं ते बघा, कारण पट्टे पट्टे हिरवे झालेली लॉन मी सगळीकडं बघतो. खत मोजून त्यात पाचपट कोरडी वाळू मिसळायची म्हणजे हाताला मोप येतं आणि सारखं पडतं. त्याचे दोन भाग करायचे. एक भाग लांबीच्या दिशेनं चालत फेकायचा, दुसरा रुंदीच्या दिशेनं. गवत वरनं कोरडं पाहिजे, पानावर पाणी असताना दाणा पानाला चिकटतो आणि तिथं करपतो. मग लगेच पाणी. पाऊस येणार म्हणून पाणी न देता सोडलं आणि आला नाही तर दुसऱ्या दिवशी ठिपके दिसतील. आणि उलट, मुसळधार येणार असेल तर त्या दिवशी टाकूच नका. तरणा-म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य (साधारण जुलैभर), बेळगाव-खानापूरकडं लागून राहतो, त्या पूर्ण काळात खताला हात लावायचा नाही, तांबड्या मातीत ते राहतच नाही. अथणी-रायबागकडच्यांना हा अडथळा नाही, त्यांनी उलट चांगला पाऊस झाला की दोन दिवसांत वाफशावर उरकून घ्यावं.

युरिया टाकला की पाणी देऊन मुरेपर्यंत गेट बंद ठेवा. मोकाट गाई आत येऊन ते गवत खातात आणि युरिया जनावराला विषारी आहे.

ऑगस्टच्या शेवटी, मघा-पूर्वाच्या उघडिपीला दुसरा डोस, युरिया अर्धा किलो. गवत आधीच गच्च हिरवं असेल तर हा चुकवला तरी चालतो, बुरशी दिसत असेल तर चुकवायचाच.

बुरशीचं असं आहे की श्रावणात ऊन-पाऊस, रात्रभर ओलं गवत, वर कापलेलं नाही, मग गोल गोल तपकिरी चट्टे पडतात. पहाटे बघा, चट्ट्याच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यागत बारीक पांढरं दिसलं तर बुरशीच. आधी कारण काढा. पाणी साचतंय का, झाडाची फांदी खाली आली आहे का, संध्याकाळी कुणी नळी लावतंय का, पाऊस असतानाही लावणारे लोक आहेत. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी, गांडूळ खतात मिसळून पसरा. चट्टे पसरतच चालले तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला 2 ते अडीच ग्रॅम, उघडीप बघून, चट्टा आणि त्याच्या भोवती हातभर. सगळ्या लॉनवर मारायची गरज नसते. अळंबी उगवली तर तिचं काही करू नका, काढून टाका, खाली कुठंतरी लाकूड कुजतंय एवढाच त्याचा अर्थ, पण घरात लहान पोर किंवा कुत्रं असेल तर रोज सकाळी काढा.

लष्करी अळी याच दिवसांत येते, दोन-तीन रात्रीत एखादा कोपरा कातरल्यागत दिसतो. दिवसा ती गवताच्या बुडात लपते. दहा लिटर पाण्यात दोन चमचे भांड्याचा लिक्विड साबण घालून हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवर मीटरभर जागेत ओता आणि दहा मिनिटं थांबा, असेल तर वर येते. हुमणी या पाण्यानं वर येत नाही, त्यामुळं काही दिसलं नाही म्हणून हुमणी नाही असं समजू नका. लष्करीला बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूंचं औषध) किंवा निंबोळी अर्काचं औषध, संध्याकाळी, अळी लहान असताना. गोगलगाईला रात्री ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी खालनं गोळा करा. मीठ टाकू नका, गोगलगाय मरते आणि गवतही. मुंग्यांना सोडून द्या.

कापणी आणि तण

पावसात आठ-दहा दिवसांनी कटिंग, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, पातं धारदार. बर्म्युडा इंचभर ठेवा, सावलीत दीड इंच. कोरडं असताना कापा. कापलेलं बारीक गवत तिथंच पडू दे, तेही खतच.

तणाला भांगलणीसारखं काही नाही. आंबुशी, दुधी, काँग्रेस गवत पावसानं माती मऊ असताना मुळासकट येतात, फुलावर यायच्या आधी उपटा. लव्हाळा हा खरा त्रास, कारण नुसता उपटला तर खाली गाठी राहतात आणि एकाचे चार होतात. तो गाठीसकट खुरप्यानं काढायचा, पुन्हा आला की पुन्हा काढायचा. लव्हाळ्यावर हॅलोसल्फुरॉन म्हणून औषध उसात वापरतात. दुकानात नुसतं "तणनाशक द्या" म्हटलं तर बऱ्याचदा ग्लायफोसेट हातात पडतं आणि ते तणाबरोबर सगळं लॉन जाळतं, म्हणून डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानाच्या तणाला चालतं, पण वाऱ्यानं शेजारच्या टोमॅटो-मिरचीवर, द्राक्षावर गेलं तर शेजारी आयुष्यभर बोलणार नाही.

हस्त संपला की

दसऱ्याच्या आसपास हस्ताचा पाऊस आवरला की वर्षातला महत्त्वाचा डोस. 15:15:15 दीड किलो आणि त्याच्यासोबत पोटॅश अर्धा किलो. थंडीत आणि पुढच्या उन्हात गवत तग धरतं ते मुळांच्या जोरावर, आणि इथं पालाश कामाला येतं. लोक दिवाळीला लॉन हिरवंगार दिसावं म्हणून नुसता युरिया मारतात, आठ दिवस फोटो चांगले येतात, मग कोवळ्या पानावर दव बसतं आणि बुरशी धरते. दिवाळीच्या फोटोसाठीच पाहिजे असेल तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला 5 ग्रॅम, सकाळी फवारा, चार दिवसांत रंग गडद होतो आणि गवत फुगत नाही. फक्त फरशीवर, कंपाउंडच्या भिंतीवर थेंब गेला तर गंजाचा डाग पडतो आणि तो निघत नाही, आधी कडेला पाणी मारून ठेवा किंवा पुठ्ठा आडवा धरा.

निपाणी, चिकोडी, अथणीकडं चुनखडीच्या काळ्या मातीत पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसतं, ती लोहाची कमतरता, त्याला युरिया घालून उपयोग नाही, हाच हिराकसाचा फवारा पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा. आणि कृष्णेकाठी जिथं जमीन चोपण, म्हणजे क्षारानं घट्ट, झाली आहे, पांढरे डाग वर आलेत, तिथं आधी निचरा आणि माती रिपोर्टप्रमाणे जिप्सम, खत त्यानंतर.

थंडी आणि उन्हाळा

डिसेंबर-जानेवारीत बेळगावात रात्री बारा-चौदा डिग्रीपर्यंत पारा जातो, गवत वाढायचं थांबतं, जरा तपकिरी-जांभळट दिसतं. ते मेलेलं नाही. काही घालू नका, पाणी आठवड्यातनं एकदा-दोनदा, सकाळीच. तीन-चार आठवड्यांनी एक कटिंग पुरे.

शिवरात्र झाली, रात्रीची थंडी गेली की गवत हलायला लागतं. एप्रिल-मे मध्ये पाणी पुरणार असेल तरच अर्धा किलो युरिया द्या. नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येणाऱ्या भागात हा डोस पूर्ण सोडून द्या, कारण खत घातलं की गवत वाढतं, वाढलं की पाणी मागतं, आणि पाणी नसलं की आधी खत न घातलेल्यापेक्षा लवकर जळतं. उन्हाळ्यात उंची थोडी वाढवा, पाणी रोज थोडं देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोल मुरेल असं, पहाटे. बोअरचं पाणी खारट असेल तर पोटॅशही उन्हाळ्यात नको. वाळवीनं माती चढवलेले पट्टे याच काळात दिसतात, खाली बघा, बांधकामाच्या वेळचा लाकडाचा तुकडा किंवा कच्चं शेण असतं, ते उकरून काढलं की बऱ्याचदा तिथंच थांबतं. घराच्या पायाकडं चालली असेल तर मात्र वाळवीवाल्याला बोलवा.

दुकानात आणि मारताना

औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य. घरच्या लॉनला लाल आणि पिवळा आणूच नका, दुकानदार कितीही खात्रीनं देऊ दे. बिल घ्या, तारीख बघा. बाहेर कन्नड-इंग्रजी असलं तरी आत घडी घातलेल्या कागदावर बहुतेक वेळा मराठीतही लिहिलेलं असतं, डोस आणि विष उतरवायचा उपाय दोन्ही त्यात असतात, तो कागद फेकू नका. सुट्टं, दुसऱ्या बाटलीत ओतून दिलेलं औषध कधीच घेऊ नका.

मारायचं सकाळी नाहीतर संध्याकाळी, वारा नसताना, पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडं पाठ. तणनाशकाचा पंप वेगळाच पाहिजे, कितीही धुतला तरी त्यात राहिलेलं पुढच्या फवारणीला लॉन पिवळं करतं. फवारलेल्या जागेवर पूर्ण वाळेपर्यंत पोरं, कुत्री, मांजरं नकोत, आणि कागदावर जास्त वेळ लिहिलेला असेल तर तेवढा वेळ. लागेल तेवढंच कालवा. उरलंच तर लॉनवरच पातळ करून संपवा, गटारीत किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका. मोकळी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपात घालायचं, बाटलीला खिळ्यानं भोकं पाडायची म्हणजे कुणी त्यात तेल-पाणी भरणार नाही, आणि उरलेला डबा मूळ झाकणासकट, पोरांचा हात पोचणार नाही असा, कुलपात ठेवायचा.